प्रेशर वॉशिंगचा धंदा: फुटाचा दर सांगण्याआधी तासाचा खर्च काढा



प्रेशर वॉशिंगवरचा व्हिडिओ टाकल्यापासून सगळीकडून एकच प्रश्न येतोय. "सर, स्क्वेअर फुटाला काय रेट लावू?" कुणी पेणहून विचारतं, कुणी नागोठण्याहून. कुणी इथे अष्टमीत दुकानात मशीन बघायला येतं आणि मशीनची किंमत विचारायच्या आधी हाच प्रश्न टाकतं. व्हिडिओत आकडे पटापट पुढे जातात, थांबवून लिहून घ्यायला जमत नाही. म्हणून सगळा हिशोब इथे मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगतो. फुटाचा दर हा या धंद्यातला शेवटचा प्रश्न आहे, पहिला नाही. आपल्या भागात हा धंदा बंद पडला, तर तो गिऱ्हाईक नाही म्हणून पडणार नाही. दर अंदाजपंचे लावला म्हणून पडेल. आणि मशीन विकायला काढायची वेळ येईल तेव्हा लोक म्हणतील, "बघा, गावात असले धंदे चालत नाहीत." खोटं आहे ते. धंदा चालतो, हिशोब चालत नाही.

गिऱ्हाईक आहे का? आहे.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर चार महिने अंगण, जिना, कंपाउंडची भिंत, गच्ची, सगळं ओलं. त्यावर शेवाळ धरतं. आधी हिरवं, मग काळं. घरात म्हातारी माणसं असतील तर हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही, पाय घसरून माकडहाड मोडण्याचा प्रश्न होतो.

शिवाय मुंबई-पुण्याला राहणाऱ्यांची इथली बंद घरं आहेत, गणपतीआधी आणि दिवाळीआधी ती धुऊन हवी असतात. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं, तिथे कॅम्प आणि रिसॉर्ट आहेत. अलिबागकडे बंगले आहेत. धाटावला एमआयडीसी आहे. सोसायट्या वाढतायत, गाड्या वाढतायत, छपरांवर सोलर पॅनल दिसायला लागलेत. गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको.

मशीन ही काही नवलाई राहिलेली नाही. जर्मनीतल्या कार्चर कंपनीने युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं हाय-प्रेशर मशीन १९५० साली बनवलं. आज पैसे भरले की कुणालाही मशीन मिळतं. तुमच्याकडे आहे तेच उद्या शेजारच्याकडे असेल. म्हणून मशीन असणं हे कौशल्य नाही. काम बघून त्याची बरोबर किंमत सांगता येणं हे कौशल्य आहे.

दुसऱ्याचा दर तुमच्या काय कामाचा?

बहुतेक जण काय करतात? एखाद्याला फोन लावतात, "तू काय घेतोस?" तो म्हणतो तीन रुपये फूट. मग हा अडीच सांगतो. झालं, धंदा सुरू.

पण त्याचं मशीन कितीचं आहे? कर्ज आहे की रोखीत घेतलंय? हेल्पर घरचा भाऊ आहे की हजेरीवरचा गडी? त्याच्याकडे टेम्पो आहे की रिक्षाला भाडं देतो? आणि मुख्य म्हणजे, त्याला तरी तीन रुपयांत परवडतंय का? त्याने स्वतः हिशोब केलाय की त्यानेही कुणाला तरी फोनच लावला होता? आंधळ्याच्या मागे आंधळा जाणं याला बाजारभाव म्हणत नाहीत.

पहिली पायरी: मशीनच्या एका तासाचा खर्च

आता आकडे. हे आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत. तुमचे वेगळे असतील, ते घालून हाच हिशोब करा.

मशीन, सरफेस क्लीनर (जमीन धुवायचं ते गोल ताट), लांब पाईप, नोझल, केबल, पाण्याची टाकी, गमबूट, चष्मे. सगळं मिळून ७०,००० रुपये धरू. हे सामान तीन वर्षं चालवायचं. वर्षात कामाचे दिवस १२०. मशीन प्रत्यक्ष चालण्याचे तास दिवसाला चार.

थांबा, इथे दोन प्रश्न येतात. "वर्षात १२० दिवसच का? आम्ही रोज काम करणार." करा की! पण जुलैच्या धो-धो पावसात धुतलेलं अंगण आठवड्यात परत हिरवं होतं, लोक थांबतात. एप्रिल-मे महिन्यात कित्येक गावांत प्यायच्या पाण्याचे हाल असतात, तिथे अंगण धुवायला कोण बोलावेल? शिवाय लग्नसराई, आजारपण, मशीन दुरुस्तीला गेलं ते दिवस. पहिल्या वर्षी १२० दिवस भरले तरी चांगलं म्हणायचं.

आणि "चारच तास का?" कारण जाणं, सामान उतरवणं, पाणी-लाईटची जोडणी, गिऱ्हाईकाच्या कुंड्या-खुर्च्या हलवणं, शेवटी सगळं आवरणं, यात दिवस निघून जातो. आठ तास घराबाहेर असलात तरी मशीन चारच तास फिरतं.

म्हणजे ३ वर्षं × १२० दिवस × ४ तास = १,४४० तास. ७०,००० भागिले १,४४० म्हणजे तासाला साधारण ५० रुपये घसारा. त्यात पंपाचे सील, ऑइल, नोझल, पाईप यांची दुरुस्ती २५ रुपये धरा. मशीनचे तासाला ७५. दिवसाचे चार तासांचे ३००.

आता दिवसाचा पूर्ण खर्च:

– तुमची स्वतःची मजुरी: ८००
– हेल्परची हजेरी: ६००
– मशीन: ३००
– गाडीचं भाडं किंवा पेट्रोल-डिझेल: ३००
– कायमचे खर्च (फोन, विमा, कर्जाचं व्याज, कार्ड-बोर्ड) वर्षाला ४८,०००, म्हणजे कामाच्या एका दिवसाला: ४००

एकूण २,४००. मशीन चाललं चार तास, म्हणजे एका तासाचा खर्च ६०० रुपये.

यात स्वतःची मजुरी पहिल्या ओळीत लिहिलीय, मुद्दाम. "मी तर मालक, मला कसली मजुरी?" असं म्हणणारा मालक वर्षभरात दुसऱ्याकडे नोकरी शोधतो.

ज्यांनी पीएमईजीपीतून कर्ज घेतलंय त्यांच्यासाठी एक सूचना. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरे विशेष गटाला ३५ टक्के अनुदान मिळतं. चांगली गोष्ट आहे, जरूर घ्या. पण घसारा काढताना मशीनची पूर्ण किंमतच धरा. अनुदानाने या मशीनचं ओझं हलकं झालं. तीन वर्षांनी हे मशीन थकेल तेव्हा पुढचं मशीन कुठल्या पैशातून येणार? ते पैसे आजपासून गिऱ्हाईकाच्या बिलातूनच साठले पाहिजेत.

दुसरी पायरी: नफा जोडताना होणारी गडबड

खर्च ६००. आता समजा, आलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले २५ रुपये नफा राहावा अशी तुमची इच्छा आहे. बरेच जण ६०० वर २५ टक्के लावतात आणि ७५० दर काढतात. पण ७५० मधले १५० म्हणजे २० टक्केच झाले. २५ हवे असतील तर ६०० ला ०.७५ ने भागा. उत्तर ८००. बीबीएच्या पहिल्या वर्षी हे शिकवतात, पण बाजारात वर्षानुवर्षं बसलेली माणसंही इथे फसतात.

म्हणजे तुमचा तासाचा दर ८०० रुपये. दिवसाचे ३,२००.

"बापरे, दिवसाला ३,२००!" असं वाटलं ना? मग पुढचा हिशोब बघा. यात तुमच्या हातात काय पडतं? ८०० मजुरी आणि ८०० नफा. १,६०० गुणिले १२० दिवस म्हणजे वर्षाला १,९२,०००. महिन्याला १६,०००. तेही एकही बिल बुडालं नाही तर. यात घर चालवायचं, पोरांची फी भरायची, धंदा वाढवायचा. आता सांगा, ८०० रुपये तास ही लूट आहे का? उलट पुढच्या वर्षी कामाचे दिवस वाढवायचे की दर, हा विचार तुम्हाला करायचाय. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकासमोर उभं राहताना हा सोळा हजारांचा आकडा मनात ठेवा, जीभ अडखळणार नाही.

तिसरी पायरी: आपला वेग मोजा

आता कुठे फुटाचा दर. तासाला ८०० पाहिजेत, तर तासाला किती फूट धुऊन होतं?

हे कुणाला विचारू नका, स्वतः मोजा. पहिला आठवडा स्वतःच्या घरी, मामाकडे, देवळाच्या आवारात काम करा आणि मोबाईलमध्ये वेळ लावा. सपाट पेव्हर ब्लॉक सरफेस क्लीनरने वेगळा वेळ घेतील, शेवाळलेली उभी भिंत साध्या गनने वेगळा.

समजा पेव्हर तासाला ३०० फूट होतात. ८०० भागिले ३००, म्हणजे २.६७, धरा ३ रुपये फूट. भिंत तासाला १२० फूटच होते. ८०० भागिले १२०, म्हणजे ६.६७, धरा ७ रुपये फूट. बघा, एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच मशीनचे दोन दर. "सरसकट तीन रुपये" सांगणारा भिंतीवर निम्म्याहून जास्त पैसे सोडून येतो.

वेग कशाने बदलतो? शेवाळ एका पावसाचं की पाच पावसांचं. वर गच्चीवर पाईप चढवायचाय का. पाण्याचा फोर्स कसा आहे. आणि पृष्ठभाग कसला आहे. चिऱ्याची भिंत असेल तर फार जपून. जांभा मऊ असतो, लाल रंगाच्या शून्य अंशाच्या नोझलने त्याचे पापुद्रे निघतात आणि सांध्यातला माल बाहेर येतो. तिथे हिरवं २५ अंशाचं किंवा पांढरं ४० अंशाचं नोझल घ्यायचं, लांबून मारायचं, म्हणजे वेळ जास्त. मग दरही जास्त. गिऱ्हाईकाला हे समजावून सांगा, लोकांना पटतं.

पाणीही मोजा. मिनिटाला १० लिटरचं मशीन तासाला ६०० लिटर पाणी घेतं. घरावरची हजार लिटरची टाकी पावणेदोन तासांत रिकामी. चार तासांच्या कामाला २,४०० लिटर. "पाणी आहे ना?" असं मोघम विचारू नका. "विहीर आहे की नळ, टाकी किती लिटरची, पंप आहे का?" असं विचारा. टँकर लागणार असेल तर तो कोण आणणार आणि पैसे कुणाचे, हे काम घेण्याआधी ठरवा. पाण्यावाचून पंप कोरडा फिरला तर सील जळतात आणि दिवसाचा नफा तिथेच जातो.

किमान बिल ठेवाच

पेणच्या गणपती कारखान्यात जाऊन बघा. एक फुटाची मूर्ती आणि दोन फुटांची मूर्ती यांची किंमत दुप्पट नसते. उंची दुप्पट झाली तर रुंदी आणि जाडीही दुप्पट होते, आत जागा आठपट होते. माल, रंग, वाळायला लागणारी जागा, ने-आण, सगळं बदलतं. मूर्तिकाराला हे हाताने माहीत असतं, तो फुटाला सरळ गुणत बसत नाही.

आपल्या धंद्यात हेच उलट्या बाजूने लागू होतं. काम लहान झालं म्हणून खर्च तितका लहान होत नाही. १५० फुटांचं अंगण तीन रुपयांनी ४५० रुपयांचं झालं. पण त्यासाठी गाडी तेवढीच धावली, हेल्पर तेवढाच आला, सामान तेवढंच उतरलं. अर्धा दिवस गेला. अर्ध्या दिवसाचे म्हणजे मशीनच्या दोन तासांचे १,६०० हे तुमचं किमान बिल. त्याच्या खाली गाडी दारातून काढू नका.

"मग लहान गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं?" नाही. त्याला सांगा, "१,६०० मध्ये अंगणाबरोबर जिना आणि पुढची पायरीसुद्धा करून देतो." नाहीतर सांगा, "शेजारच्या दोन घरांना विचारा, तिघं मिळून एका दिवसात घेऊ, तिघांनाही स्वस्त पडेल." अष्टमीसारख्या गावात घरं एकमेकांना लागून आहेत, एका आळीतली चार कामं एका फेरीत होतात. खरी सवलत अशी द्यायची असते. गाडीचा खर्च वाचला तो गिऱ्हाईकाला दिला. स्वतःचं पोट कापून दिली ती सवलत नव्हे.

एक काम शेवटपर्यंत करून बघू

कोलाडजवळ एक बंगला धरू. अंगणात पेव्हर ६०० फूट. कंपाउंडची भिंत आतून ८० फूट लांब, ५ फूट उंच, म्हणजे ४०० फूट. शिवाय जिना.

पेव्हर: २ तास. भिंत: ३ तास २० मिनिटं. जिना: अर्धा तास. मिळून ५ तास ५० मिनिटं, धरा ६ तास. म्हणजे दीड दिवस.

६ तास × ८०० = ४,८००. साबण-औषध २००. जास्तीच्या अंतराचे ३००. झाले ५,३००. अडचणीसाठी दहा टक्के (पाणी गेलं, लाईट गेली, शेवाळ दिसलं त्यापेक्षा जाड निघालं) धरले तर ५,८३०. सांगा ५,८००.

तेवढ्यात दुसरा कोणी येतो. "हजार फूट, तीन रुपये, तीन हजारात करतो." काम त्याला गेलं. आता त्याचा हिशोब तुमच्याच आकड्यांनी करू. दीड दिवसाचा हेल्पर ९००, गाडी ४५० आणि जास्तीचे ३००, औषध २००. काम संपल्यावर त्याच्या खिशात १,१५० रुपये दिसतात. तो खूश. पण मशीनचे ४५० आणि कायमच्या खर्चाचे ६०० त्यातूनच जायचेत, ते आज कुणी मागायला आलेलं नाही एवढंच. ते वजा केले की उरतात १०० रुपये. दीड दिवस पाण्यात उभं राहून, अंगावर चिखल घेऊन, मालकाची कमाई १०० रुपये.

म्हणून स्वस्त दर लावणाऱ्याला सुरुवातीला वाटतं की आपलं छान चाललंय. खरा हिशोब पंपाचे सील जातात त्या दिवशी समोर येतो. तोपर्यंत त्याने बाजाराचा दर पाडलेला असतो आणि तुम्हालाही लोक म्हणतात, "तो तर तीन हजारात करायचा!"

स्वस्त काम कुणाच्या जिवावर होतं?

या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथून पुढे आहे.

तीन हजारांत काम बसवायचं म्हटलं की पैसे कुठून तरी कापावे लागतात. बंगल्याचा मालक देत नाही, पेट्रोल पंपवाला सोडत नाही. मग कापले जातात ते हेल्परचे. त्याला ६०० ऐवजी ४००. गमबुटाऐवजी स्लीपर. चांगल्या केबलऐवजी टेप गुंडाळलेली वायर. आपण ओल्या जमिनीवर, हातात पाणी उडवणारी गन घेऊन, विजेच्या मशीनशेजारी उभे असतो. तिथे अर्थिंग नसेल, शॉक लागताच लाईट तोडणारा ईएलसीबी नसेल, तर तो माणूस मरू शकतो. दोन-तीन हजारांची वस्तू आहे ती. ती दरात बसत नसेल तर तुमचा दरच चुकलाय.

म्हणून काही कामांना दर नसतोच, नकार असतो.

सेप्टिक टँक: "मशीन आहेच तर जरा टाकीत उतरून धुऊन द्या" असं कुणीतरी म्हणणारच. साफ नाही म्हणा. माणसाला संरक्षण साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या विषारी वायूने माणूस काही मिनिटांत जातो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. कितीही पैसे देऊ केले तरी नाही.

जुने सिमेंटचे पत्रे: ते ॲस्बेस्टॉसचे असतात. प्रेशरने त्याचे तंतू सुटतात, ते फुप्फुसाला घातक. शिवाय पत्रा पायाखाली तुटतो. नाही म्हणा.

मंगलोरी कौलं: शेवाळ कितीही असलं तरी कौलावर चढून प्रेशर मारायचं नाही. कौल फुटलं तर पावसाळ्यात घर गळेल, बिल तुमच्या नावावर.

आणि ॲसिड-ब्लीच: दोन्ही कधीच एकत्र करू नका. क्लोरीन वायू तयार होतो.

पहिल्या गिऱ्हाईकाला स्वस्त द्यावं का?

"सुरुवातीला स्वस्तात करा, नाव होईल, मग दर वाढवा." हा सल्ला तुम्हाला प्रत्येक जण देईल. मला तो पटत नाही. नाव होतं हे खरं, पण "स्वस्तवाला" म्हणून होतं. तीन हजारवाल्या गिऱ्हाईकाने ज्यांना तुमचं नाव सांगितलं, ते सगळे तीन हजाराच्याच अपेक्षेने येतात. मग दर वाढवला की तुम्ही माजलात!

त्यांच्या म्हणण्यातही थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. नवीन माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा गिऱ्हाईकाचा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा त्याच्यासमोर फुकट धुऊन दाखवा. काळ्या अंगणात तो एक स्वच्छ चौकोन तासभराच्या बोलण्यापेक्षा जास्त काम करतो. आणि कमी घ्यायचेच असतील, नातेवाईक आहेत, देऊळ आहे, शाळा आहे, तर बिलावर पूर्ण रक्कम लिहा, खाली "सवलत" लिहून वजा करा. दर दर राहतो, सवलत सवलत राहते.

एका ठिकाणी मात्र मी नफा बाजूला ठेवा असं सांगेन. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड आणि वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं तेव्हा घराघरांत, दुकानादुकानांत चिखल बसला होता. आपली कुंडलिकाही पावसाळ्यात इशारा देतच असते. अशा वेळी फुटाचा दर निरुपयोगी असतो, कारण चिखल किती इंच आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. तासाने काम घ्या, आणि तासाचा खर्च तेवढाच घ्या. ६०० म्हणजे ६००. ना नफा, ना तोटा. हेल्परला पूर्ण हजेरी द्या, मशीनचा घसारा घ्या, आणि लोकांच्या संकटावर कमवू नका. पण बघा, हे करायलासुद्धा आपला खर्च ६०० आहे हे माहीत असावं लागतं. ज्याला खर्च माहीत नाही त्याला मदतही धड करता येत नाही.

कोटेशन आणि उधारी

फोनवर दर सांगू नका. फोनवर एवढंच सांगा: "किमान बिल १,६०० आहे, जागा बघून पक्की रक्कम देतो." जागेवर जा, टेप लावा, फोटो काढा. आधीचे तडे, फुटलेल्या फरशा, उडालेला रंग यांचे फोटो गिऱ्हाईकालाही पाठवा, नंतर "हे तुम्ही फोडलं" होत नाही.

मग व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून द्या: कुठला भाग धुणार, कुठला नाही. पाणी-लाईट कुणाची. किती दिवस. रक्कम उक्ती. विसार किती (मी ३० टक्के म्हणेन), बाकी काम संपताच. आणि एक ओळ: "जुने डाग, तेलाचे आणि गंजाचे, पूर्ण जातीलच असं नाही." गॅरेजची जमीन धुताना निघालेला तेलकट गाळ गटारात सोडायचा नाही, तो शेवटी कुंडलिकेत जातो. गोळा करायचा वेळही कोटेशनमध्ये धरा.

जीएसटी: सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावूही नका, तो गुन्हा ठरतो.

कंपन्यांची आणि मोठ्या रिसॉर्टची कामं घ्यायची असतील तर त्याआधी उद्यम नोंदणी करा. ऑनलाईन आहे, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कशीही ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर व्याज मागण्याचा हक्क आहे. पण कायदा हातात असला तरी पैसे हातात यायला वेळ लागतो. कंपनी ४५ दिवसांनी देणार असेल, तर दीड महिना हेल्परची हजेरी तुम्ही खिशातून भरणार. तेवढं भांडवल असेल तरच ते काम घ्या, आणि त्याचं व्याज दरात धरा.

या आठवड्याचा गृहपाठ

मशीन घेतलं असेल किंवा घ्यायचं असेल, आधी एका पानावर चार आकडे लिहा. तुमच्या मशीनच्या एका तासाचा पूर्ण खर्च. तुमचा तासाचा दर. पेव्हर आणि भिंत यांचा तुमचा स्वतःचा वेग. तुमचं किमान बिल. हे चार आकडे पाठ झाले की कुठलंही काम दहा मिनिटांत मोजून सांगता येतं, आणि "जास्त सांगताय" म्हणणाऱ्यासमोर शांतपणे म्हणता येतं, "नाही दादा, हिशोबाने सांगतोय."

काही गिऱ्हाईकं जातील. जाऊ द्या. ज्या कामात दीड दिवसाला १०० रुपये उरतात, ते काम गेलं तर तुमचं नुकसान झालेलं नाही. तो दीड दिवस वाचला. त्यात पुढच्या आळीत जा, तो दोन बाय दोनचा चौकोन धुऊन दाखवा आणि आपला दर सांगा.

गणपतीच्या आधीचा सीझन हातचा घालवू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत.